'सेंट' म्हणजे इंग्रजांचं?

शाळा-कॉलेजच्या नावात 'सेंट' दिसलं की ते इंग्रजांनी काढलेलं, असं मुंबईत वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगितलं जातं. धोबीतलावचं सेंट झेवियर्स कॉलेजच बघा. १८६९ साली ते सुरू केलं जर्मन जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाच्या) पाद्र्यांनी. पहिल्या महायुद्धात तर ब्रिटिश सरकारने यांतल्या अनेकांना शत्रूचे नागरिक म्हणून नजरकैदेत टाकलं! पुढे स्पॅनिश पाद्री आले. सिंधू लिपीचा ध्यास घेतलेले फादर हेरास त्यांतलेच. खुद्द संत झेवियर वारले १५५२ मध्ये, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनी जन्मलीही नव्हती. आणि सांताक्रूझ विमानतळ? ते नाव कुणा संताचं नव्हतंच, उपनगराचं होतं, तेही पोर्तुगीज. १९९९ मध्ये विमानतळाला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव दिलं गेलं.