एसी बदलण्याआधी फटी मोजून घ्या

मुंबई-ठाण्याकडे पावसाळ्यात तीच तक्रार ऐकू येते. एसी रात्रभर चालतो, तरी चादरी ओलसर आणि कपाटात बुरशी. मग दीड टनाच्या जागी दोन टनाचा एसी येतो. तो खोली झटकन गार करून थांबतो, आणि हवा कोरडी व्हायला वेळच मिळत नाही.

बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता, आत २५ अंश आणि ५५ टक्के धरा. फटींतून तासाला १०० घनमीटर हवा शिरली, तर तिच्याबरोबर सुमारे सव्वा लीटर जादा पाणी घरात येतं. ही हवा गार करायला जेवढी ताकद लागते, त्याच्या जवळजवळ पाचपट तिच्यातलं पाणी काढण्यात जाते. वीजबिल तिथे वाढतं.

फटींतून किती हवा शिरते हे मोजण्याच्या चाचणीसाठी आम्ही मुख्य दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणून त्यात पंखा बसवतो. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो आणि आतला दाब ५० पास्कलने उतरवतो. ताशी ३२ किलोमीटरचा वारा घराला चहूबाजूंनी एकदम भिडावा, साधारण तेवढा हा जोर. पंख्यातून तासाला गेलेल्या हवेला घराच्या घनफळाने भागलं की तुमचा आकडा मिळतो, म्हणजे या दाबाला घरातली सगळी हवा तासाला किती वेळा बदलते ते. अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांसाठीच्या, जर्मनीत रुजलेल्या पॅसिव्ह हाऊस मानकात तो ०.६ च्या वर चालत नाही. आपल्या सरकत्या खिडक्यांच्या घरांनी त्यामागे धावू नये. फटी बुजवण्याआधीचा आणि नंतरचा आकडा ताडून पाहावा, एवढं पुरे.

पंखा चालू असताना आम्ही अगरबत्ती घेऊन घरभर फिरतो. धूर आत ढकलला जातो तिथे फट: खिडकीच्या पल्ल्यांमधला झिजलेला ब्रश, एसीच्या पाइपाभोवतीचं भोक, फॉल्स सीलिंगची कड. स्विचबोर्डातून वारा येतो हे मात्र हाताला लागल्याशिवाय पटत नाही, म्हणून तुम्ही सोबत फिरावं असा आमचा आग्रह आहे.

चाचणीपुरता गॅस बंद ठेवा, देवघरातला दिवाही शांत करा. घरात एसी नसेल आणि खिडक्या उघड्याच राहत असतील, तर या चाचणीवर पैसे घालवू नका.

बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तिथली झडपांची खिडकी आम्ही बुजवत नाही, कितीही सांगितलंत तरी. गिझरच्या ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला वास नसतो. असा गिझर दिसला तर पहिलं बोलणं त्याच्याबद्दल होईल, फटींबद्दल नंतर.