बेकन यांची १५७४ची बुकप्लेट: मालकीची नव्हे, देणगीची

इंग्लंडमध्ये स्वतःच्या ग्रंथसंग्रहासाठी छापील बुकप्लेट, म्हणजे पुस्तकाच्या आत चिकटवायची नावाची चिठ्ठी, करून घेणारे पहिले गृहस्थ म्हणजे सर निकोलस बेकन, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. कधीकधी तर ती चिठ्ठी त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस बेकन यांच्या नावावरही खपवली जाते. फ्रान्सिस १५७४मध्ये जेमतेम तेरा वर्षांचे होते, त्यामुळे तो दावा विचारात घेण्याचेही कारण नाही.

निकोलस हे ग्रेज इन या लंडनमधील वकिलांच्या संस्थेत घडलेले कायदेपंडित आणि १५५८पासून एलिझाबेथ राणीच्या राजमुद्रेचे रक्षक. लाकडी ठशातून छापून हाताने रंगवलेल्या या चिठ्ठीवर त्यांचे कुलचिन्ह आहे. ढालीवर तांबडी जमीन, वरच्या पांढऱ्या पट्ट्यात दोन काळे तारे असा बेकन घराण्याचा भाग चटकन ओळखू येतो, आणि बहुतेकांची नजर तिथेच थांबते. खालचा लॅटिन मजकूर मात्र स्पष्ट सांगतो की राजमुद्रेचे रक्षक बेकन यांनी हा ग्रंथ १५७४मध्ये केंब्रिजच्या ग्रंथालयास अर्पण केला. म्हणजे ही चिठ्ठी दात्याची नोंद आहे. त्या सुमारास केंब्रिजचे ओस पडलेले विद्यापीठ ग्रंथालय पुन्हा उभे करण्यासाठी मोठ्या पदावरील मंडळींकडून ग्रंथ मिळवले जात होते. आर्चबिशप मॅथ्यू पार्कर हेही त्या दात्यांपैकी एक.

तेव्हा या चिठ्ठीच्या आधारे ‘बेकन यांनी हे पुस्तक वाचले होते’ असे म्हणता येत नाही. त्यासाठी समासातील हस्ताक्षर किंवा सही असा वेगळा पुरावा हवा. मालकी दर्शवणारी छापील इंग्लिश बुकप्लेट पाहायची असेल, तर सर थॉमस ट्रेशम यांच्या १५८५च्या चिठ्ठीकडे वळावे लागते.