क्यूच्या दांड्याचे पॉलिश

पूल किंवा स्नूकर या टेबलावरच्या खेळांत चेंडू मारायच्या लाकडी काठीच्या, म्हणजे क्यूच्या, पुढच्या निमुळत्या भागाला, म्हणजे शाफ्टला, घाम, ओल आणि खडूचे डाग यांपासून जपण्यासाठी दिलेला अगदी पातळ लेप. पूलच्या क्यूचा शाफ्ट बहुधा मेपलचा असतो आणि टिपेशी, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या टोकाशी, त्याची जाडी साधारण १२ ते १३ मिमी भरते. स्नूकरचा क्यू अ‍ॅश किंवा मेपलचा, टिपेशी ९ ते १० मिमीचा.

लाकूड हवेतली ओल घेते आणि सोडते. फुगते ते मुख्यतः आडवे, लांबीत फारसे नाही. ओल एका बाजूने जास्त शिरली की दांडा वाकतो. नाशिकला पावसाळ्याचे चार महिने दमट आणि पुढची थंडी कोरडी, त्यामुळे इथल्या क्यूला हा ताण दरवर्षी सोसावा लागतो. पॉलिशने ओल थांबत नाही, तिचा वेग कमी होतो. शाफ्टच्या जोडाकडच्या, म्हणजे तो मुठीच्या भागाला जोडतात तिथल्या, कापलेल्या टोकातून ओल सर्वांत लवकर आत जाते आणि नेमके तेच टोक बहुतेक जण कोरडे सोडतात.

मुठीकडच्या भागावर जाड, चकचकीत वार्निश शोभते. शाफ्टवर ते नको. अंगठा आणि तर्जनीच्या खाचेतून दांडा सरकतो, तिथे घामाने वार्निश चिकटते आणि फटका अडखळतो. म्हणून लाकडाची छिद्रे भरतील इतकाच लेप द्यावा.

आधी फेरूलजवळचा (फेरूल म्हणजे टिपेखालची छोटी कडी) खडूचा निळसर मळ ओलसर फडक्याने पुसतात. पाण्याने रेषे उठतात. दांडा पूर्ण वाळला की १००० किंवा त्याहून बारीक नंबरचा पॉलिश पेपर लांबीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवून ते बसवतात. इथे घाई करू नये. पार्लरमधल्या क्यूंवर दर थोड्या दिवसांनी जाड पेपर घासण्याची सवय फार वाईट. दांडा बारीक होतो आणि गेलेली जाडी परत येत नाही. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचा, सुती बोळ्याने, एकच पातळ हात. पळस, बोर, कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी ही लाख वाड्यांच्या दारांना फ्रेंच पॉलिश करणाऱ्या कारागिरांच्या ओळखीची आहे. शेवटी थोडे मेण लावून चामड्याच्या तुकड्याने दांडा गरम लागेपर्यंत घासतात.

हे काम ऐन पावसात काढू नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि लाख पांढुरकी, धुरकट दिसू लागते. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम.

अ‍ॅशच्या दांड्याला लाखेऐवजी बेलतेलही (उकळलेले जवसाचे तेल) देतात: चार थेंब चोळून जास्तीचे लगेच पुसायचे, एक रात्र थांबायचे. तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर सुटे पसरून वाळवावेत.