स्कॉटलंडमधले पूर्वज शोधताना: लग्नाची नोंद, जनगणना आणि प्रमाणित दाखला

स्कॉटलंडमधल्या जुन्या नोंदी बघायला नात्याचा पुरावा लागत नाही, तिथलं नागरिकत्व लागत नाही आणि एजंट तर मुळीच लागत नाही. नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड या सरकारी खात्याची ‘स्कॉटलंड्सपीपल’ नावाची वेबसाइट आहे. जन्म, लग्न, मृत्यू, जनगणना, चर्चची दप्तरं, मृत्युपत्रं हे सगळं तिथे एकाच ठिकाणी मिळतं. ईमेल देऊन खातं उघडलं की सूचीत नाव शोधणं मोफत आहे. मूळ पान उघडायचं असेल तेव्हाच पैसे भरावे लागतात.

बहुतेक जण सुरुवात जन्माच्या नोंदीपासून करतात. माझं मत वेगळं आहे: आधी लग्न शोधा. स्कॉटलंडच्या 1855 पासूनच्या लग्नाच्या नोंदीत वधू-वर दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात आणि दोन्ही आयांची माहेरची आडनावंसुद्धा. इंग्लंडच्या त्या काळच्या दाखल्यात फक्त वडिलांचं नाव मिळतं, आई कुठेच नसते. त्यामुळे स्कॉटलंडमधलं एक पान हाताला लागलं की चार घरांचे धागे एकदम सापडतात.

कोण अर्ज करू शकतं, आणि कशासाठी

कोणीही करू शकतं. मर्यादा आहे ती नोंदीच्या वयाची. जन्माची नोंद 100 वर्षं, लग्नाची 75 आणि मृत्यूची 50 वर्षं जुनी झाल्याशिवाय मूळ पान ऑनलाइन दिसत नाही. जनगणनेचे कागदही 100 वर्षं बंद असतात. 1921 ची जनगणना 2022 च्या नोव्हेंबरमध्ये खुली झाली, पुढची 1931 ची. इंग्लंडची 1931 ची जनगणना आगीत गेली, स्कॉटलंडची शाबूत आहे, पण तिची मुदत अजून संपलेली नाही. नोंद मुदतीच्या आतली असली तरी प्रमाणित प्रत मागवता येते. ती टपालाने घरी येते.

आपल्याकडे हा विषय निघतो तो बहुधा दोन कारणांनी. एक, निव्वळ कुतूहल. दुसरं, ब्रिटनचा अ‍ॅन्सेस्ट्री व्हिसा. भुसावळ, इगतपुरीसारख्या रेल्वेच्या गावांतल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांत स्कॉटिश आजोबांची गोष्ट ऐकू येते. त्या व्हिसासाठी अर्जदार राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक हवा (भारत त्यात येतो), वय किमान 17 हवं, ब्रिटनमध्ये काम करण्याचा इरादा हवा आणि आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म ब्रिटनमध्ये झालेला हवा. पणजोबा चालत नाहीत. अर्ज ब्रिटनबाहेरूनच करायचा.

इथे कागदांची साखळी लागते: तुमचा जन्मदाखला, ज्या बाजूने नातं सांगताय त्या आईचा किंवा वडिलांचा जन्मदाखला, मग आजी किंवा आजोबांचा, आणि मधल्या लग्नांचे दाखले. वेबसाइटवरून उतरवून घेतलेलं पान घरच्या माहितीसाठी उत्तम, पण सरकारी कामाला शिक्क्याची प्रमाणित प्रतच जोडा. दोन्हींत पुष्कळ जण गल्लत करतात.

आजोबांचा जन्म मात्र भारतात झाला असेल तर स्कॉटलंडचं दप्तर चाळून उपयोग नाही. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या कागदांत ‘एन/3’ या मालिकेत आहेत.

खर्च

मूळ पानासाठी क्रेडिट विकत घ्यावी लागतात. जन्म, लग्न किंवा जनगणनेच्या एका पानाला 6 क्रेडिट, म्हणजे दीड पौंड असा दर राहिला आहे. एकदा घेतलेलं पान खात्यात जपलेलं राहतं, पुन्हा पैसे पडत नाहीत. प्रमाणित प्रतीचं शुल्क वेगळं आणि बरंच जास्त असतं. म्हणून आधी पान उघडून माणूस आपलाच आहे याची खात्री करा, मग प्रत मागवा. 1841 ते 1901 च्या जनगणनांची नुसती टंकित माहिती काही खासगी साइटींवरही मिळते, पण मूळ पान पाहायला इथेच यावं लागतं.

1855 ची रेषा

1 जानेवारी 1855 पासून स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी सक्तीची झाली. त्याआधीचं सारं पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वह्यांत आहे. सर्वांत जुनी वही पर्थशायरमधल्या एरल गावची, 1553 ची. या वह्यांतली लग्नाची नोंद पुष्कळदा दीड ओळीची असते: अमक्या गावचा अमका आणि तमक्या गावची तमकी यांच्या विवाहाची चर्चमध्ये घोषणा झाली. ही तारीख बरेचदा लग्नाची नसून घोषणेची असते. वधू-वर वेगवेगळ्या पॅरिशमधले असतील तर दोन्हीकडच्या वह्या बघा, एकीत दुसरीपेक्षा जास्त तपशील निघतो.

1855 नंतरचं पान मात्र नीट बसून वाचण्यासारखं असतं. समजा 1870 च्या दशकातली, लॅनार्कशायरमधल्या कोटब्रिजची नोंद समोर आहे. पहिल्या रकान्यात तारीख, जागा आणि लग्न कोणत्या पंथाच्या विधीने झालं ते. पुढे दोघांची नावं. सही येत नसेल तिथे फुली असते आणि फुलीभोवती कारकुनाने नाव लिहिलेलं असतं. मग धंदा: कोळसा खाणकामगार, घरकामाची मोलकरीण. वय, राहण्याचा पत्ता. त्यापुढे आईवडिलांची नावं. त्यातलं कोणी वारलं असेल तर तसा शेरा. एका शेऱ्यावरून वडिलांच्या मृत्यूचा शोध कुठल्या सालाच्या अलीकडे घ्यायचा हे ठरतं. शेवटी पाद्री आणि साक्षीदार. साक्षीदारांकडे दुर्लक्ष करू नका, तिथे बरेचदा सख्खा भाऊ किंवा बहीण उभी असते.

पाद्र्याऐवजी ‘शेरीफच्या (म्हणजे तिथल्या स्थानिक न्यायाधीशाच्या) वॉरंटने’ असं लिहिलेलं दिसलं तर दचकू नका. साक्षीदारांसमोर एकमेकांचा स्वीकार केला की स्कॉटलंडच्या कायद्याने लग्न झालं, आणि शेरीफकडे अर्ज करून ते नोंदवता येत असे. ही पद्धत 1940 पर्यंत चालू होती. अशी जोडपी पळून गेलेलीच असत असं नाही.

जनगणना कशी वाचायची

1841 पासून दर दहा वर्षांनी. पहिल्या खेपेला 15 वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली होती. 34 वर्षांचा माणूस 30 चा दिसतो. घरातलं नातंही दिलेलं नाही. 1851 पासून कुटुंबप्रमुखाशी नातं, लग्न झालं की नाही आणि जन्मस्थळ येतं. 1911 मध्ये लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली आणि किती हयात आहेत हेही विचारलं. 1921 ची जनगणना कामगारांच्या संपामुळे एप्रिलऐवजी 19 जूनला झाली, त्यामुळे त्या वर्षी वयाचा हिशेब करताना महिन्यांकडे लक्ष द्या.

जनगणनेतल्या वयावर विसंबून वंशावळ बांधू नये. दहा वर्षांत सातच वर्षांनी म्हाताऱ्या झालेल्या बायका या वह्यांत जागोजागी भेटतात. पत्ता, शेजारी, धंदा आणि मुलांचा क्रम यांसाठी मात्र तिला तोड नाही.

पूर्वज बाहेरून आलेले असतील तर

खरी अडचण इथे येते. ग्लासगो आणि लॅनार्कशायरमधली कितीतरी घरं 1840 च्या दशकातल्या दुष्काळात आयर्लंडहून आलेली. पुढे टस्कनीतल्या बार्गा गावाहून आइस्क्रीम विकणारे इटालियन आले, बेल्सहिलच्या खाणींवर लिथुआनियन आले, ग्लासगोच्या गॉर्बल्समध्ये रशियन साम्राज्यातले ज्यू आले. लिथुआनियनांना स्थानिक लोक सरसकट ‘पोल’ म्हणत, आणि पुष्कळांनी चक्क स्कॉटिश आडनावं घेतली. आडनावाने शोध लागला नाही तर पहिलं नाव, वय आणि गल्ली धरून शोधा.

आयरिश माणसाच्या जन्मस्थळाच्या रकान्यात जनगणनेत बहुधा एकच शब्द असतो: आयर्लंड. गाव नाही, काउंटी (जिल्हा) ही नाही. याला एक वळसा आहे. 1855 मधल्या आणि मग 1861 पासूनच्या स्कॉटिश जन्मनोंदींत बाळाच्या आईवडिलांचं लग्न कधी आणि कुठे झालं ते लिहिलेलं असतं. जोडपं लग्न करून मग आलेलं असेल तर तिथे आयर्लंडमधलं ठिकाण सापडू शकतं. म्हणून थोरल्या मुलाचीच नव्हे, तर सगळ्या भावंडांच्या नोंदी काढा; एकीत नुसतं ‘आयर्लंड’ असेल तर दुसरीत काउंटी निघेल, तिसरीत पॅरिश.

तेही जमलं नाही तर ग्लासगोच्या मिचेल लायब्ररीतल्या शहर अभिलेखागारात जा किंवा तिथे लिहून विचारा. तिथे गरिबांना मिळणाऱ्या मदतीचे अर्ज आहेत. मदत देण्याआधी अधिकारी खोदून खोदून विचारत, कारण पुरेशी वर्षं न राहिलेल्या आयरिश गरिबाला परत धाडण्याची सोय कायद्यात होती. त्या चौकशीमुळे जन्मगाव, आईवडील, आधीचे पत्ते, सोडून गेलेला नवरा हे सगळं कागदावर उतरलं. कुटुंब कधीतरी हलाखीत गेलं असेल, आणि त्या वस्तीत बहुतेक जात, तर याहून चांगला कागद नाही.

काउंटी आणि पॅरिश कळल्यावरच आयर्लंडच्या नोंदींकडे वळा. तिथे कॅथलिक लग्नांची सरकारी नोंद 1864 पासूनची आहे, आणि एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनांपैकी जे उरलं होतं त्यातलं बरंचसं 1922 मध्ये डब्लिनच्या आगीत गेलं. 1901 आणि 1911 च्या जनगणना शिल्लक आहेत आणि ऑनलाइन मोफत आहेत. त्याआधीच्या कॅथलिक चर्चच्या वह्यांची पानं आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने मोफत ठेवली आहेत, पण ती पॅरिशनुसार लावलेली आहेत. पॅरिशचं नाव हाती नसेल तर आधी स्कॉटलंडमधल्या उरलेल्या भावंडांच्या जन्मनोंदी संपवा.