सबवूफर डिकीतून सीटखाली कसा आला

मिरजेत तंबोरा घ्यायला गेलं की मर्दानी आणि जनानी असे दोन प्रकार समोर येतात. मर्दानी तंबोऱ्याचा भोपळा मोठा, कारण त्याला खालचा स्वर धरायचा असतो. भोपळ्याचं आणि स्पीकरच्या पेटीचं शास्त्र एक नाही, पण खालच्या सुराला पोकळी लागते हे दोन्हीकडे खरं. गाडीत मात्र गेली वीसेक वर्षं ही पोकळी कमी-कमी करत आणली गेली आणि तिची भरपाई बॅटरीतून केली गेली. सीटखालच्या सबवूफरबद्दलचे (बेस, म्हणजे खालचे सूर, वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरबद्दलचे) बहुतेक वाद, त्यातही खोक्यावर छापलेले वॅट खरे किती हा, तिथूनच निघतात.

कॅसेटच्या काळात वेगळा सबवूफर नसायचाच. मागच्या ट्रेमध्ये 6×9 इंची अंडाकृती स्पीकर कापून बसवायचे; त्यांच्यामागची डिकी हीच त्यांची पेटी. 2000 नंतर सीडी प्लेअर, मोनो ॲम्प (एकाच स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) आणि एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीच्या, पेटीतला 12 इंची वूफर आला. ज्यांना तो परवडत नसे ते बेस ट्यूब (नळकांड्याच्या पेटीतला वूफर) आडवी टाकत. 12 इंची वूफरला बंद पेटीत 25 ते 30 लिटर, पोर्ट (हवेसाठी भोक) असलेल्या पेटीत 45 ते 55 लिटर जागा लागते. 18 मिमी एमडीएफची जाडी धरली की 50 लिटरची पेटी बाहेरून 65–70 लिटर होते. 2018 च्या स्विफ्टची डिकी 268 लिटरची आहे, म्हणजे पाव डिकी गेली. आपल्याकडे बेसची आवड मिरवणुकीतल्या ‘डॉल्बी’वर पोसलेली, त्यामुळे त्या वेळी पाव डिकी गेल्याचं कुणाला फार वाटत नसे. (डॉल्बी हे मुळात आवाजातली खरखर कमी करण्याच्या तंत्राचं नाव, सातारा-सांगलीत त्याचा अर्थ ट्रकवर रचलेली बेसची भिंत असा कसा झाला, हा वेगळ्याच टिपणाचा विषय.)

डिकी संपली ती दोन कारणांनी. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचं उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आलं, आणि कंपन्यांनी लांबी वाचवली ती मागच्या बाजूने. दुसरं कारण सीएनजी. 2010 पासून कारखान्यातूनच टाकी बसवलेल्या गाड्या मिळू लागल्या. 60 लिटर पाणीक्षमतेची टाकी हॅचबॅकच्या डिकीत ठेवली की तिथे एक बॅग आडवी राहते, तीही नशीब असेल तर. आता दोन छोट्या टाक्या तळाशी ठेवण्याची पद्धत आली आहे, पण तोवर वूफर सीटखाली जाऊन बसला होता.

तो तिथे बसू शकला याचं मूळ जुनं आहे. बंद पेटीतली हवा स्प्रिंगसारखी वापरायची ही कल्पना 1950 च्या दशकात अमेरिकेत घरच्या स्पीकरसाठी रुळली, आणि 1960–70 च्या दशकांत ऑस्ट्रेलियात झालेल्या कामातून तिचा पक्का हिशोब मिळाला. तो हिशोब सीटखाली फारसा दयाळू नाही. समजा 8 इंची ड्रायव्हरची (पेटीत बसवायच्या सुट्या स्पीकरची) स्वतःची अनुनाद वारंवारता, म्हणजे ज्या सुरावर तो सर्वांत सहज हलतो ती, 35 हर्ट्झ आहे आणि त्याच्या लवचीकतेइतकी हवा 20 लिटर भरते. सीटखालची पेटी बाहेरून साधारण 34×25×8 सेंमी, आत 5 लिटरच्या आसपास. 20 भागिले 5, अधिक 1, त्याचं वर्गमूळ 2.24. म्हणजे 35 हर्ट्झचे झाले 78. त्याच्या खाली आवाज दर सप्तकाला 12 डेसिबलने पडतो. एक सप्तक खाली, 39 हर्ट्झला, तो पुन्हा वर आणायचा तर 16 पट वीज आणि ड्रायव्हरच्या पडद्याची चौपट धाव (पुढे-मागे हलण्याचं अंतर) लागते. बंद काचांच्या छोट्या केबिनमध्ये साधारण 60–70 हर्ट्झच्या खाली आवाजाला आपोआप उठाव मिळतो, म्हणून हे सगळं जमतं तरी. तरीही बहुतेक उत्पादक 35–40 हर्ट्झच्या खालचं कापून टाकतात आणि आवाज वाढवला की आतलं बूस्ट (बेसला दिलेला जादा उठाव) कमी करतात. ‘मोठा केला की बेस पातळ होतो’ ही तक्रार घेऊन लोक दुकानात परत येतात. युनिटमध्ये बिघाड नसतो, ते तसंच बनवलेलं असतं.

ही जास्तीची वीज पाच लिटरच्या डब्यात उष्णता न करता देणं जमलं ते क्लास डी ॲम्पमुळे, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करत काम करणाऱ्या ॲम्पमुळे. 150 वॅट देणारा जुना एबी क्लासचा ॲम्प वर शंभराहून अधिक वॅट उष्णतेत घालवायचा. क्लास डी तेच काम 35–40 वॅट वाया घालवून करतो, आणि ॲल्युमिनिअमचा ओतीव डबाच उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक होतो.

आता वॅट. सीटखालच्या सबवूफरच्या खोक्यावर 1000, 1200 असे आकडे असतात, आणि ग्राहक त्यांचीच तुलना करतो. अमेरिकेत घरगुती ॲम्पच्या वॅटबद्दल 1974 मध्येच नियम आला, पण तो घरच्या उपकरणांपुरता. गाडीतले ॲम्प बाहेर राहिले. आपल्याकडे 1990 च्या दशकात टेपरेकॉर्डर आणि संगणकाच्या स्पीकरवर ‘पीएमपीओ’ छापलं जायचं, ज्याची मोजण्याची कोणतीच ठरलेली रीत नव्हती. ते अक्षर गेलं, सवय राहिली. त्याच जागी ‘मॅक्स’ आलं. 2003 मध्ये अमेरिकेतल्या उत्पादकांच्या संघटनेने गाडीतल्या ॲम्पसाठी एक मानक काढलं: 14.4 व्होल्ट, 4 ओहम, विकृती आणि खरखर मिळून 1 टक्क्याच्या आत. पण ते ऐच्छिक, आणि सीटखालच्या युनिटमध्ये ड्रायव्हर अनेकदा 2 ओहमचा आणि आतच जोडलेला असतो, त्यामुळे ते तिथे सरळ लागूही पडत नाही.

‘आरएमएस वॅट’ हा शब्दसुद्धा नेमका नाही. आरएमएस व्होल्टेज असतं. त्यावरून निघते ती सरासरी शक्ती. साइन लहरीचं क्षणिक शिखर सरासरीच्या दुप्पट असतं, म्हणून 150 सरासरी वॅटच्या युनिटवर 300 ‘पीक’ लिहिलं तर वाद घालण्यात अर्थ नाही. 1000 लिहिलं तर आहे.

तपासायला सोपी जागा म्हणजे फ्यूज. 10 ॲम्पिअरचा फ्यूज गुणिले 13.8 व्होल्ट म्हणजे आत जाणारे 138 वॅट. त्याचे 80 टक्के, बाहेर सुमारे 110. सलग 1000 वॅट द्यायचे तर 90 ॲम्पिअर लागतील, आणि छोट्या गाडीचा अल्टरनेटर (इंजिनवर चालणारं वीज बनवणारं यंत्र) एकूणच साधारण 60 ते 90 ॲम्पिअरचा असतो. विक्रेत्यांची बाजू अशी की गाण्यात ठोका क्षणभराचा असतो आणि फ्यूज तेवढा जादा करंट सहज सोसतो, म्हणून हा हिशोब अन्याय करणारा आहे. त्यात तथ्य आहे, पण दीडपटीपुरतं, नऊपटीपुरतं नाही. शिवाय 100 आणि 150 वॅटमधला फरक कानाला पावणेदोन डेसिबलचा, म्हणजे जेमतेम कळण्याइतका. युनिट निवडताना वॅटपेक्षा डब्याची उंची आणि ड्रायव्हरची धाव जास्त उपयोगी पडते.

2020 च्या आसपास आणखी एक बदल झाला. टचस्क्रीन डॅशबोर्डचाच भाग झाली, स्टिअरिंगची बटणं आणि मागचा कॅमेरा तिच्याशी जोडले गेले. पूर्वीसारखा प्लेअर बदलून आरसीए वायर (प्लेअरपासून ॲम्पपर्यंतची सिग्नलची तार) ओढणं संपलं. आता सिग्नल स्पीकरच्या तारांवरूनच, हाय-लेव्हल इनपुटने घेतात. गाडीच्या मॉडेलचा टी-कपलर (मूळ जोडणीच्या मध्ये बसणारा जोड) वापरला तर मूळ तारा कापाव्या लागत नाहीत आणि वॉरंटीची कटकट टळते. ॲम्प चालू करणारी वेगळी रिमोट वायरही लागत नाही. स्पीकरच्या तारांवर प्लेअर सुरू असताना असलेले 6 व्होल्टच्या आसपासचे डीसी ओळखून युनिट स्वतः चालू होतं. मात्र कंपनीचा प्लेअर आवाज वाढेल तसा बेस कापत नेतो, म्हणून गेन (सबवूफर किती जोरात वाजेल त्याचं बटण) नेहमी ऐकतो त्या आवाजावर लावावा. लो-पास (वरचे सूर कापणारा फिल्टर) 80 हर्ट्झवर ठेवायचा. त्याच्या वर आवाज कुठून येतो ते कान ओळखू लागतो. फेज (पडद्याची हालचाल सुलटी की उलटी) 0 आणि 180 दोन्ही करून जिथे ठोका भरीव वाटेल तिथे सोडायचा.

पॉवर वायर 4 चौरस मिमी तांब्याची. 5 मीटरला 15 ॲम्पिअरवर सुमारे 0.33 व्होल्ट पडतात. बाजारात त्याच रंगाची, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची तार निम्म्या भावात मिळते. तिच्यात अर्धा व्होल्ट जातो. टोक खरवडा, आत चंदेरी दिसली की परत करा. मुख्य फ्यूज बॅटरीपासून 45 सेंमीच्या आत, आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं, हवंच, नाहीतर पत्र्याची धार कधीतरी इन्सुलेशन कापते. अर्थिंगची (निगेटिव्ह) तार सीटच्या बोल्टला जोडण्याची पद्धत इथे सर्रास आहे. ती सोडावी: तिथे रंग असतो, आणि तो बोल्ट सीट धरून ठेवण्यासाठी ठराविक टॉर्कने आवळलेला असतो. किक पॅनलमधल्या (पायांशेजारच्या बाजूच्या पॅनलमधल्या) पत्र्यावरचा तयार अर्थ पॉइंट शोधून रंग खरवडून लग (तारेच्या टोकाची कडी) आवळला की अल्टरनेटरची शिट्टी बहुधा येतच नाही. बॅटरीच्या निगेटिव्हला थेट जोडू नका. नव्या गाड्यांत तिथे सेन्सर असतो.

उंची मोजताना सीट सर्वांत खाली, पूर्ण मागे आणि माणूस बसलेला असावा. स्प्रिंग 2–3 सेंमी दबते. काही माइल्ड हायब्रिड गाड्यांत पुढच्या डाव्या सीटखाली लिथियम बॅटरीच असते, काहींत मागच्या एसीची नळी. सीटखालचा पिवळा कपलर एअरबॅगचा. तो काढायचा तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबायचं, नाहीतर मीटरवरचा दिवा लागतो तो स्कॅनरशिवाय जात नाही. आणि युनिट स्क्रूने जमिनीला ठोकायचं नाही. त्या पत्र्याखालून पेट्रोलची, ब्रेकची आणि सीएनजीची नळी जाते. पट्टे किंवा वेल्क्रो पुरतात.

पाण्याचा प्रश्न मात्र डिकीत नव्हता, तो सीटखाली आला. एसीची निचरा नळी धुळीने तुंबली की पाणी डाव्या सीटच्या पायाशी कार्पेटखाली साचतं आणि युनिट त्यातच बसलेलं असतं. उसाच्या हंगामानंतर, मार्चच्या सुमारास, ती नळी हवेने फुंकून घ्यावी. 2019 आणि 2021 च्या महापुरात कृष्णेकाठी ज्या गाड्यांत दाराच्या उंबरठ्यापर्यंतच पाणी चढलं, त्यांत इंजिन वाचलं तरी सीटखालचा हा डबा आधी बुडाला. सीटखाली युनिट किमान 2 सेंमी उचललं तर रोजच्या ओलीपासून ते वाचतं. महापुराच्या पाण्याला 2 सेंमी पुरत नाहीत, तिथे कपलर सुटेल असा ठेवून डबा वेळेत घरात नेणं एवढाच इलाज.