कर्मचारी स्वयंसेवा

कर्मचारी स्वयंसेवा : कंपनीत नोकरी करणाऱ्यांनी कंपनीच्या पाठबळाने, पण स्वखुशीने आणि वेगळा मोबदला न घेता, आसपासच्या समाजासाठी वेळ, श्रम किंवा कौशल्य देणे. हे पाठबळ भरपगारी रजेचे असू शकते, साहित्याच्या आणि प्रवासाच्या खर्चाचे असू शकते, किंवा योग्य संस्थेशी गाठ घालून देण्यापुरतेही असू शकते. कंपनीने धनादेश दिला तर ती देणगी. कर्मचारी सुटीच्या दिवशी आपल्या ओळखीने कुठे मदतीला गेला तर ते त्याचे खासगी समाजकार्य. कर्मचारी स्वयंसेवा या दोहोंच्या मधे येते आणि तिचे बरेचसे गुण व प्रश्न या मधल्या जागेतूनच निघतात. बोलताना तिला ‘श्रमदान’ म्हणतात खरे, पण श्रमदानात लोक बहुधा आपल्याच गावचा बांध घालतात किंवा रस्ता करतात. इथे काम करणारा आणि काम ज्याच्यासाठी होते तो, हे सहसा एकमेकांना अनोळखी असतात. त्यामुळे दोघांना जोडणारी तिसरी कडी लागते. ती म्हणजे स्थानिक शाळा, ग्रंथालय, वृद्धाश्रम किंवा स्वयंसेवी संस्था. या कडीला पुढे यजमान संस्था म्हटले आहे.

या प्रथेच्या जुन्या आणि बोलक्या उदाहरणांपैकी एक अमेरिकेतील टेलिफोन कर्मचाऱ्यांचे आहे. ‘टेलिफोन पायोनियर्स ऑफ अमेरिका’ ही त्यांची संघटना १९११ मध्ये स्थापन झाली. सुरुवातीला ती दीर्घकाळ नोकरी केलेल्या मंडळींचा स्नेहमेळावा होती. समाजसेवा हे तिचे मुख्य काम पुढे झाले. अंध वाचकांसाठी असलेली बोलक्या पुस्तकांची, म्हणजे ध्वनिमुद्रित पुस्तके ऐकवणारी, यंत्रे बिघडली की तिचे सदस्य, त्यांत निवृत्त तंत्रज्ञही आले, ती विनामोबदला दुरुस्त करून देत. १९६४ मध्ये एका टेलिफोन अभियंत्याने सॉफ्टबॉलच्या चेंडूत बीप-बीप आवाज करणारा छोटा संच बसवला. चेंडू दिसत नसला तरी ऐकू येऊ लागला, आणि अंध मुलांना बॅट घेऊन मैदानात उतरता आले. त्यातून ‘बीप बेसबॉल’ हा खेळ उभा राहिला. १९७६ मध्ये त्याची अमेरिकेत राष्ट्रीय संघटनाही झाली. आवाज नीट पोचवणे हा या लोकांचा रोजचा धंदा होता आणि ज्यांचा सगळा व्यवहार कानांवर चालतो त्यांना नेमके तेच हवे होते. हातात असलेले कौशल्य आणि समोरची गरज यांचा असा सांधा जुळला की चांगल्या स्वयंसेवेचे अर्धे काम झाले.

कंपनीच्या धोरणात लेखी तरतूद म्हणून ही प्रथा गेल्या तीन-चार दशकांत रुजली. टिंबरलँड या पादत्राणांच्या कंपनीने १९९२ मध्ये कर्मचाऱ्यांना वर्षाला १६ तास भरपगारी सेवेसाठी दिले. पुढे ते ४० झाले. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीने भागभांडवल, उत्पादन आणि कर्मचाऱ्यांचा वेळ या तिन्हींचा प्रत्येकी १ टक्का समाजासाठी राखण्याची पद्धत सुरू केली आणि ती इतर कंपन्यांनीही उचलली. आयबीएम या संगणक कंपनीने २००८ पासून निवडक कर्मचाऱ्यांचे छोटे गट महिनाभरासाठी विकसनशील देशांतील संस्थांकडे सल्लागार म्हणून पाठवले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८५ मध्ये ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन ठरवला. अनेक कंपन्यांचे कार्यक्रम त्याच सुमारास होतात.

सर्वांत परिचित प्रकार म्हणजे एका दिवसाचा सामूहिक उपक्रम : झाडे लावणे, किनारा स्वच्छ करणे, भिंती रंगवणे. दुसरा प्रकार कौशल्याधारित. त्यात लेखापाल हिशेब लावून देतो, वकील करारनामा तपासतो, संगणक अभियंता नोंदींची व्यवस्था बसवतो. वकिली पेशात ‘प्रो बोनो’ (लोकहितासाठी विनामोबदला) म्हणून अशा कामाची जुनी परंपरा आहे. आठवड्याला तासभर एकाच मुलाला वाचायला बसवणारे मार्गदर्शन, काही महिन्यांसाठी संस्थेत प्रतिनियुक्ती, घरबसल्या ऑनलाइन केलेले भाषांतर किंवा ध्वनिमुद्रण हेही यातच येते. काही कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या तासांच्या प्रमाणात त्या संस्थेला पैसेही देतात.

यजमान संस्थेच्या बाजूने या साऱ्याकडे क्वचितच पाहिले जाते, आणि खरे तर तिथूनच सुरुवात करायला हवी. शाळेची भिंत रंगवायला एका सकाळी शंभर माणसे येणार, असे समजा. त्याआधी कोणीतरी जुन्या रंगाचे पोपडे खरवडलेले असतात, भेगांत पुट्टी भरलेली असते, घासकागद मारलेला असतो, प्रायमर वाळू दिलेला असतो. मग ब्रश मोजायचे, शिड्या मागून आणायच्या, फरशीवर जुनी वर्तमानपत्रे अंथरायची, शंभर जणांच्या पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय करायची. प्रत्यक्ष काम सुरू झाले की आठ शिड्यांवर आठ जण असतात, काही खालची पट्टी रंगवतात, आणि बाकीचे आपली पाळी येण्याची वाट पाहत उभे असतात. दुपारी मंडळी आनंदाने परततात. तो आनंद खराच असतो. दुसऱ्या दिवशी शिपाई पात्याने खिडकीच्या काचांवरचे टिपके काढत बसतो आणि छताजवळची राहिलेली कड पुरी करायला मजूर लावावा लागतो. संस्थेचा समन्वयक या एका सकाळीसाठी आठवडाभर राबलेला असतो, पण त्याचे ते तास कोणाच्याही अहवालात नसतात. ‘या वर्षी भिंत नको, रंग अजून चांगला आहे’ असे तो सहसा म्हणू शकत नाही. पुढची देणगी त्याच कंपनीकडून यायची असते.

म्हणून अनुभवी संस्था आता आधी आपली गरज लिहून देतात, एका वेळी किती माणसे सांभाळता येतील तो आकडा सांगतात आणि तयारीचा खर्च कंपनीकडे मागतात. हे मागणे रास्त आहे. पुष्कळदा संस्थेला शंभर जणांच्या एका सकाळीपेक्षा एकाच लेखापालाचे आठवड्याचे दोन तास, सलग सहा महिने, जास्त हवे असतात. मात्र कौशल्याच्या कामातही एक खाच आहे. स्वयंसेवकाने संगणकावर बनवलेली देखणी हिशेबवही त्याच्यासोबतच निघून जाते, कारण त्यातली सूत्रे संस्थेत कोणालाच कळलेली नसतात. शेवटचे दोन आठवडे फक्त शिकवण्यासाठी ठेवले आणि संस्थेच्या कारकुनाने स्वतः एका महिन्याचे हिशेब पुरे करून दाखवले, तरच ते काम टिकते.

लहान मुलांच्या बाबतीत अधिक जपावे लागते. निवासी संस्थेतील मुलांना दर महिन्याला नवे ‘ताई-दादा’ भेटतात, लळा लावतात आणि पुन्हा दिसत नाहीत. आधीच तुटलेपण सोसलेल्या मुलांना ही ये-जा त्रासदायक ठरते. जबाबदार संस्था त्यामुळे एक दिवसाच्या भेटी नाकारतात, स्वयंसेवकाची पार्श्वभूमी तपासतात, त्याला मुलांबरोबर एकटे सोडत नाहीत आणि मुलांची छायाचित्रे काढू देत नाहीत. कर्मचाऱ्यांना हे नियम कडक वाटतात, पण ते मुलांसाठी आहेत.

स्वयंसेवेतला ‘स्वयं’ नोकरीत सांभाळणे अवघड असते. साहेबांनी नावे मागितली, हजेरीचा तक्ता फिरला, वार्षिक मूल्यमापनात त्याला गुण ठेवले, की होकार स्वखुशीचा राहत नाही. कार्यक्रम सुटीच्या दिवशी असेल तर घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असलेल्याला नाही म्हणणे जड जाते. दुसरी बाजू संधीची आहे. कार्यालयातला माणूस दोन तास उठून जाऊ शकतो. यंत्रावर किंवा फोनवर पाळीने काम करणाऱ्याची जागा दुसऱ्याने घेतल्याशिवाय त्याला हलता येत नाही, आणि कंत्राटी कामगार तर बहुधा योजनेतच नसतो. पाळीनुसार बदली माणूस देणाऱ्या कंपन्यांत सहभाग खरोखर सर्वांना खुला राहतो.

कर्मचाऱ्याचा वेळ पैशांत मोजावा का, याची उत्तरे देशागणिक वेगळी आहेत. फ्रान्समध्ये कौशल्यदानाला कायद्याचे पाठबळ असून २००३ च्या कायद्यापासून कंपनीला अशा दानाच्या मूल्यावर ६० टक्के करसवलत मिळू शकते. मोठ्या रकमांसाठी हे प्रमाण पुढे कमी केले गेले. भारतात कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. कर्मचाऱ्यांच्या सहभागाला सरकार प्रोत्साहन देते, पण त्यांच्या विनामोबदला सेवेची किंमत लावून ती या खर्चात धरता येत नाही. ही भूमिका योग्य वाटते. तसे करू दिले तर गावात पोचणारा रुपया कमी होऊन कागदावरचे तास वाढतील.

मोजमाप आजही मुख्यतः तासांचेच होते : इतके कर्मचारी, इतके तास. हे आकडे गोळा करायला सोपे असतात. वाचनाच्या उपक्रमात मात्र किती मुले आता अडखळल्याविना पान वाचतात, तोच स्वयंसेवक किती आठवडे सलग आला आणि तो यायचा थांबल्यावर वर्ग चालू राहिला का, हे विचारावे लागते. त्याची उत्तरे संस्थेकडे असतात, बहुधा शिक्षिकेच्या हाताने लिहिलेल्या वहीत.