बातमीशिवाय कोसळणारा बाजार

शेअर बाजार घसरला की त्याच संध्याकाळी वृत्तवाहिन्यांवर त्याचे कारण सांगितले जाते: तेलाचे भाव वाढले, परदेशी गुंतवणूकदारांनी पैसे काढून घेतले, अमेरिकेत व्याजदर वाढण्याची चिन्हे दिसली. मोठ्या घसरणीमागे तेवढीच मोठी बातमी असली पाहिजे, हा समज आपल्या मनात पक्का बसलेला आहे. परंतु १९ ऑक्टोबर १९८७ रोजी न्यूयॉर्कमध्ये डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला, तेव्हा अमेरिकेतील मोठमोठ्या कंपन्यांचे मोल एकपंचमांशाहून अधिक कमी व्हावे असे त्या दिवशी काहीही घडलेले नव्हते. मग घसरणीचे कारण बाजाराच्या आतच, म्हणजे माणसे एकमेकांच्या व्यवहारांकडे पाहून निर्णय घेतात त्या रीतीतच दडलेले असू शकते का?

खऱ्या बाजारावर प्रयोग करून या प्रश्नाचे उत्तर मिळवता येत नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी संगणकातच बाजार उभारले. या पद्धतीत संपूर्ण बाजाराचे एकच समीकरण मांडत नाहीत, तर स्वतंत्रपणे निर्णय घेणारे अनेक ‘एजंट’ तयार करतात. एजंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विम्याचा एजंट उभा राहतो. येथे मात्र त्याचा अर्थ स्वतःचे नियम, स्वतःचे पैसे आणि स्वतःची स्मृती असलेला एक छोटा संगणकीय गुंतवणूकदार असा आहे. प्रत्येकाला वागू द्यायचे आणि सगळ्यांच्या वागण्यातून किंमत कशी घडते ते पाहायचे, एवढेच संशोधकाचे काम असते.

या प्रकारातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, सांता फे इन्स्टिट्यूटमध्ये झाला. अर्थशास्त्रज्ञ ब्रायन आर्थर, संगणकशास्त्रज्ञ जॉन हॉलंड आणि त्यांचे सहकारी ब्लेक लबॅरन, रिचर्ड पामर व पॉल टेलर यांनी तो उभा केला. त्यांच्या बाजारात अवघे २५ गुंतवणूकदार होते आणि पैसे ठेवण्याच्या जागा दोनच होत्या: ठरावीक व्याज देणारी सुरक्षित ठेव आणि लाभांश कमीजास्त होणारा एक शेअर. प्रत्येक गुंतवणूकदाराजवळ १०० नियम होते. नियमाच्या पहिल्या भागात बाजाराच्या स्थितीविषयी अटी असत, उदाहरणार्थ ‘लाभांशाच्या मानाने शेअर महाग आहे का’ किंवा ‘किंमत मागील पाच फेऱ्यांच्या सरासरीहून वर आहे का’. प्रत्येक अटीपुढे ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘ही अट पाहू नये’ यांपैकी एक खूण असे. दुसऱ्या भागात, त्या अटी जुळल्या तर पुढील किंमत व लाभांश किती असेल, याचा अंदाज असे.

अंदाज चुकला की त्या नियमाची पत घटे. काही फेऱ्यांनंतर सर्वांत वाईट २० नियम काढून टाकले जात आणि चांगल्या नियमांचे तुकडे जोडून, अधूनमधून एखादी खूण बदलून, नवे नियम तयार केले जात. सजीवांच्या उत्क्रांतीत संकर आणि उत्परिवर्तन यांचे जे कार्य असते, तेच येथे नियमांच्या बाबतीत घडते.

संशोधकांनी बदललेली मुख्य गोष्ट एकच होती, ती म्हणजे नियम किती वेळाने बदलायचे. सरासरी १,००० फेऱ्यांनी बदल केला, तेव्हा बाजार शांत राहिला, किंमत अर्थशास्त्राच्या सिद्धांताने सांगितलेल्या मोलाजवळ राहिली आणि किमतीच्या सरासरीवर आधारलेल्या अटी जवळजवळ वापरातून गेल्या. हाच बदल सरासरी २५० फेऱ्यांनी होऊ लागला, तेव्हा उलाढाल वाढली, फुगे आले, म्हणजे किमती मोलापेक्षा खूप वर गेल्या, घसरणी झाल्या आणि मागील किमतींकडे पाहणारे नियम टिकून राहिले. लाभांश ठरवण्याची रीत मात्र दोन्ही वेळा तीच होती.

हे कसे घडते? समजा, योगायोगाने काही जणांजवळ ‘सरासरीच्या वर गेलेली किंमत आणखी वर जाईल’ असा नियम आला. किंमत थोडी वर जाताच ते सगळे खरेदी करतात, त्या खरेदीनेच किंमत चढते आणि नियम खरा ठरतो. नियमांची पारख घाईने होत असेल, तर हे यश टिकते आणि नियम पसरतो. पारख दीर्घकाळ चालत असेल, तर योगायोगाचे यश आणि अपयश एकमेकांना खोडून काढतात व नियम बाद होतो. म्हणजे मागील किमतींच्या आलेखावरून सांगितलेला आडाखा खोटा असूनही तो पाळणाऱ्यांमुळे काही काळ खरा होऊ शकतो. ग्रहांच्या युतीवरून निर्देशांकाचे भविष्य सांगणाऱ्याचे अनुयायी वाढले, तर त्याचेही भाकीत चार दिवस खरे ठरेल. त्यात ग्रहांचा काहीही वाटा नसेल. उद्याची किंमत अचूक सांगणारा संगणकीय कार्यक्रम विकणाऱ्यांनाही वाचकांनी याच कसोटीवर तपासावे, कारण ज्या प्रयोगाविषयी मी लिहितो आहे, तो असा कोणताही दावा करत नाही.

या निष्कर्षांवर टीकाही झाली. नियमांतील खुणा ज्या पद्धतीने बदलल्या जात, तिच्यामुळेच अटींचा वापर वाढलेला दिसला असावा, असे नंतरच्या अभ्यासात दाखवले गेले. ही टीका गंभीर आहे. प्रतिरूपाची, म्हणजे अशा संगणकातील बाजाराची, रचना बदलून तेच उत्तर पुन्हा येते का, हे पाहिल्याशिवाय एकट्या प्रतिरूपावर विसंबू नये.

तरीही प्रत्यक्ष धोरणासाठी या पद्धतीचा उपयोग झाला आहे. किंमत डॉलरच्या सोळाव्या भागाऐवजी सेंटमध्ये बदलू देण्यापूर्वी अमेरिकेतील नॅसडॅक बाजाराने असेच प्रतिरूप तयार करवून घेतले होते. आपल्याकडे निर्देशांक १०, १५ किंवा २० टक्के हलला की व्यवहार थांबवण्याचा, शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबी या संस्थेचा नियम आहे. २३ मार्च २०२० रोजी पहिल्या मर्यादेमुळे मुंबईत व्यवहार ४५ मिनिटे थांबले, आणि पुन्हा सुरू झाल्यावर सेन्सेक्स दिवसअखेर १३ टक्क्यांहून अधिक खाली बंद झाला. थांबवण्याने घाबरलेले विक्रेते शांत होतात, की मर्यादा जवळ आल्याचे पाहून ते अधिक घाईने विकतात, हे दलाल स्ट्रीटवर मुद्दाम घसरण घडवून पाहता येणार नाही. संगणकातील बाजारात ती हजार वेळा, दर वेळी मर्यादा थोडी बदलून, घडवता येते.